ओली दारू, आखूड नळी

सन १६६०च्या जून महिन्याच्या २१ तारखेस शायिस्ताखानाची फौज चाकणच्या किल्ल्यापुढे येऊन ठाकली, तेव्हा हे काम चार-आठ दिवसांत उरकेल असे त्या फौजेतील अनुभवी सरदारांस वाटले असल्यास नवल नाही. जो किल्ला घ्यावयाचा तो सह्याद्रीच्या एखाद्या कड्यावर नव्हता. सपाट काळ्या जमिनीवर, चार तट, कोपऱ्यांवर बुरूज, पूर्वेस एकच वाट आणि भोवती सुमारे ३० फूट खोल व १५ फूट रुंद खंदक, एवढाच त्याचा सरंजाम होता. पुण्यास खान ९ मे रोजीच येऊन बसला होता. अहमदनगराहून येणाऱ्या रसदेच्या वाटेवर मराठ्यांचे एक ठाणे उशाशी राहू देणे कोणत्याही शहाण्या सेनापतीस परवडले नसते, म्हणून पावसाळा तोंडावर असतानाही त्याने चाकणचा मार्ग धरला. किल्ल्यात फिरंगोजी नरसाळा होता. त्याच्यापाशी माणसे थोडी होती, आणि शिवाजीराजांकडून कुमक येण्याचाही संभव नव्हता, कारण राजे त्या वेळी पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकले होते.

आज पुण्याहून नाशिककडे निघालेला प्रवासी भोसरी, मोशी, आळंदी फाटा मागे टाकीत चाकणच्या चौकात वाहनांच्या गर्दीत अर्धा-पाऊण तास खोळंबतो, आणि आपण एका वेढ्याच्या जागेजवळ उभे आहोत याची त्याला गंधवार्ताही नसते. किल्ल्याचे जे अवशेष उरले आहेत ते वस्तीच्या पोटात शिरलेले आहेत. परंतु तेथे जून-जुलैत ज्याने एकदा पाऊस पाहिला आहे, त्याला पुढील कथा समजण्यास ग्रंथाची गरज लागू नये.

खाफीखान हा मोगली इतिहासकार त्या वेढ्यात नव्हता. त्याने लिहिले ते पुष्कळ वर्षांनी. तरीही चाकणच्या पावसाचे वर्णन करताना त्याच्या लेखणीला जो ओलावा आला आहे, तो ऐकीव माहितीला सहसा येत नाही. त्या मुलखात पाऊस महिनोन्‌महिने रात्रंदिवस कोसळतो, माणसाला घराबाहेर डोके काढता येत नाही, ढगांनी दिवसाची रात्र होते आणि भर दिवसा दिवे लावावे लागतात, असे सांगून तो एक गोष्ट नोंदवतो, जी युद्धशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे: बंदुका निकामी झाल्या, दारू नासली, धनुष्यांच्या दोऱ्या ढिल्या पडल्या. दक्षिण जिंकावयास निघालेल्या बादशाही फौजेची शस्त्रे मावळच्या पाण्याने अशी हातातल्या हातात मारून टाकली.

हे कसे घडते, ते थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. त्या काळची बंदूक तोड्याची. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, वरून गोळी घालून गजाने ठासावयाची, कानाजवळच्या पेल्यात चिमूटभर रंजक ठेवावयाची, आणि मग जळता तोडा त्या रंजकेवर टेकला म्हणजे बार उडावयाचा. म्हणजे या यंत्राला एकाच वेळी दोन गोष्टी हव्यात: दारू कोरडी हवी आणि तोडा पेटता हवा. आषाढातल्या झडीत यांपैकी एक सांभाळावी तर दुसरी जाते. शिपायाने तोडा पदराखाली झाकला तर तो गुदमरून विझतो, उघडा ठेवला तर भिजून विझतो. रंजक पेल्यात घालून झाकण उघडावे तोच तिचा चिखल होतो. दमट दारूला पेटवलेच तर ती स्फोट करीत नाही, फुसफुसते, आणि मराठीत ‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग ज्याने प्रथम उच्चारला त्याने असली बंदूक कानाजवळ धरलेली असली पाहिजे असे मला नेहमी वाटत आले आहे.

मग चाकण पडले कशाने? बंदुकीने नव्हे. खानाने उत्तरेकडील आपल्या मोर्च्यातून ईशान्येच्या बुरुजाखाली भुयार खणावयास घेतले, आणि ते काम सुमारे ५४ दिवस चालले. दारू जमिनीखाली, पावसाच्या हाताबाहेर नेण्याचाच तो उपाय होता. दरम्यान काळोख्या वादळी रात्री पाहून किल्ल्यातील लोक बाहेर पडत आणि मोर्च्यांवर तुटून पडत. अशा रात्री बंदूक कोणाचीच चालत नसे, म्हणून तलवारीचा आणि परिचित वाटेचा धनी जो, त्याचे पारडे जड होई. १४ ऑगस्टच्या तिसऱ्या प्रहरी सुरुंग उडाला, बुरूज वरच्या माणसांसह आकाशात गेला, आणि धुरळा खाली बसतो तो आत फिरंगोजीने आधीच घालून ठेवलेला मातीचा उंच बांध हल्लेखोरांपुढे उभा! ती रात्र मोगलांनी त्या खिंडारातच काढली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, त्यांनी तट चढून किल्ला घेतला. उरलेले लोक बालेकिल्ल्यात हटले आणि राव भावसिंगाच्या मध्यस्थीने वाट घेऊन बाहेर पडले. बादशाही पक्षाकडील २६८ माणसे ठार आणि ६०० जखमी झाल्याचा हिशेब मोगली कागदांवरून इतिहासकारांनी दिला आहे. खानाने फिरंगोजीस बादशाही चाकरी देऊ केली, ती त्याने नाकारली आणि तो राजांकडे परत गेला, हे मराठी वाचकांस शाळेपासून ठाऊक आहे.

या पावसाळी धड्याची नोंद स्वराज्याच्या दप्तरात राहिली. रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रे सुमारे १७१५ सालची. त्यांत दुर्गांच्या प्रकरणी दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा, आणि हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी जातीने येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे व पुन्हा मुद्रा करून ठेवावे, अशा अर्थाची ताकीद आहे. पापडांप्रमाणे दारूला ऊन दाखवावे लागणे यात काव्य काहीच नाही. परंतु सह्याद्रीत शस्त्र बाळगणे म्हणजे मुख्यतः काय, हे त्या एका कलमात जितके नेमके आले आहे तितके शौर्यकथांच्या शंभर पानांत येत नाही.

हे सारे आठवण्याचे निमित्त अलीकडचे आहे. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत पाळ्या करणारी आणि सुटीच्या दिवशी डोंगर चढणारी तरुण मंडळी परदेशी चित्रफितींत एक चीज पाहतात आणि तिच्यावर लुब्ध होतात: मोडून, दुमडून पाठपिशवीत टाकता येणारी छोटी रायफल, जिला तिकडे संकटातून जीव वाचविण्याचे हत्यार म्हणतात. वाट चुकली, अन्न संपले, श्वापद आडवे आले, तर हिने निभावेल, अशी तिची ख्याती. हे हत्यार आपल्या डोंगरात उपयोगी पडेल काय, असा प्रश्न कोणी विचारला म्हणजे त्याला लागलीच हसून वाटेस लावू नये. ज्या भूमीवर तो विचारला जातो तिने हलक्या आणि आखूड शस्त्राची परीक्षा एकदा सोडून अनेकदा घेतलेली आहे.

त्या रायफलीचे कूळ वैमानिकांचे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या हवाई दलापुढे असा प्रश्न आला की उत्तर ध्रुवाकडील ओसाड प्रदेशात विमान कोसळले आणि वैमानिक जिवंत उतरला, तर शोधपथक पोहोचेपर्यंत त्याने खावे काय? त्यातून १९४९च्या सुमारास एम-४ नावाची ०.२२ इंच व्यासाची साधी रायफल निघाली. पाठोपाठ एम-६ आली, जिच्यात वर रायफलीची आणि खाली छऱ्यांची अशा दोन नळ्या असून ती मधोमध दुमडून वैमानिकाच्या सामानात दोन विती जागेत मावे. यूजीन स्टोनर या विख्यात रचनाकाराच्या हाताखाली तयार झालेली आर्मालाइट कंपनीची एआर-५ हवाई दलाने १९५६ साली पसंत केली, पण ती फारशी घेतली नाही. तिचेच नागरी भावंड एआर-७ हे १९५९ साली बाजारात आले. वजन सुमारे सव्वा किलो. नळी, यंत्र आणि काडतुसांची पेटी दस्त्याच्या पोकळीत जाई, आणि दस्ता बंद केला म्हणजे तो पाण्यावर तरंगे! चाकणच्या मोर्च्यातील बरकंदाजाला हे दाखविले असते तर त्याने ते मंत्रसामर्थ्य मानले असते.

सोव्हिएत रशियाची कथा आणखी रोचक आहे. १९६५च्या मार्चमध्ये व्होस्खोद-२ हे अवकाशयान नियोजित जागा चुकून उरालच्या बर्फाळ अरण्यात उतरले, आणि अलेक्सेई लिओनॉव्ह व पावेल बेल्यायेव्ह या दोघा अंतराळवीरांना अस्वल-लांडग्यांच्या त्या प्रदेशात दोन रात्री काढाव्या लागल्या. पुढे १९८६पासून अंतराळवीरांच्या सामानात टीपी-८२ नावाचे तीन नळ्यांचे पिस्तूल दिले जाऊ लागले, ज्याचा काढता दस्ता कोयत्यासारखा वापरता येत असे. या साऱ्या हकीगतींत काही समान अटी आहेत, आणि त्या बहुधा लक्षात घेतल्या जात नाहीत: चहूबाजूंना शेकडो मैल मनुष्यवस्ती नाही, थंडी आहे, शिकार करण्यास मनाई नाही, आणि माणूस तेथे स्वेच्छेने गेलेला नाही. या चारही अटी भीमाशंकरच्या वाटेवर लागू पडतात काय, ते पुढे पाहू. त्याआधी ओझ्याविषयी दोन शब्द.

मावळात ओझ्याने कोणाचा घात केला याचे उदाहरण चाकणपासून फार दूर नाही. १७७८च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना गादीवर बसविण्यासाठी बोरघाट चढून वर आली. तिच्याबरोबर सामान वाहणारे बैल सुमारे १९ हजार होते असे ग्रँट डफ सांगतो, आणि घाटमाथ्यानंतर तिची चाल दिवसाला जेमतेम पाऊण मैल पडली. कार्ल्याजवळ ४ जानेवारी १७७९ रोजी कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्या लोककथेतील इष्टुर फाकडा, तोफेच्या गोळ्याने पडला. फौज तळेगावास पोहोचली तो मराठ्यांनी गाव आणि चारा आधीच जाळून टाकलेला. मग ११ जानेवारीच्या रात्री परत फिरण्याचा निर्णय झाला, जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटून देण्यात आल्या, सामानाला आग लावण्यात आली, आणि पहाटेपर्यंत वडगावपाशी महादजी शिंद्यांच्या घोड्यांनी त्यांना गाठले. ज्या तोफा मुंबईपासून बैलांच्या माना मोडीत वर आणल्या त्या प्रत्यक्ष संकटाच्या रात्री सर्वांत आधी टाकाव्या लागल्या, एवढेच या लेखापुरते ध्यानात ठेवावयाचे. (या फौजेचा मुख्य अधिकारी कर्नल एगर्टन. त्या नावाचा योगायोग पुढे येणार आहे.)

तेव्हा शस्त्र हलके असावे, आखूड असावे, हा विचार चुकीचा नाही. मराठी स्वारांनाही तो सुचला होता, आणि घोड्यावरून झाडावयाची आखूड नळीची कडाबीन त्याच हेतूने त्यांच्यात रुळली. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, टोपीच्या बंदुका जाऊन धातूच्या काडतुसांच्या रायफली आल्या आणि ओल्या दारूचे दुखणे जवळजवळ संपले, नेमक्या त्याच वेळी सामान्य रयतेच्या हातातून शस्त्रच काढून घेण्यात आले. लॉर्ड लिटनच्या अमदानीत १८७८ साली झालेल्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून बंदूक, तलवार बाळगणे हा हिंदी माणसाचा गुन्हा ठरला. युरोपियनांना त्यातून सूट होती. पावसाने जे चार महिन्यांपुरते केले ते कायद्याने बारमाही केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७९च्या फेब्रुवारीत, पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातील एक माजी कारकून, वासुदेव बळवंत फडके, रामोशांना बरोबर घेऊन शिरूरजवळ धामारीवर चालून गेला. त्याच्या बंडाची मीमांसा येथे कर्तव्य नाही. एवढेच पाहावे की महिनोन्‌महिने डोंगरात वावरलेला, शस्त्रे चालविण्यात निष्णात असा हा पुरुष त्याच वर्षीच्या जुलैत विजापूरकडील देवर नावडगी येथे पकडला गेला तो थकून झोपलेला असताना. त्या क्षणी त्याच्यापाशी जगातील उत्तमोत्तम हत्यार असते तरी काय होते? रानात माणसाला जेरीस आणणारे शत्रू वेगळे असतात. जागरण, ताप, उपासमार यांच्यावर गोळी झाडता येत नाही.

आता चिंचवड. मोरया गोसावींच्या समाधीमुळे ज्या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले, त्याच गावात हरिभाऊ चापेकर या कीर्तनकारांच्या घरी दामोदर (१८६९), बाळकृष्ण (१८७३) आणि वासुदेव (१८८०) हे तीन पुत्र जन्मास आले. १८९७च्या प्लेगात पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या समितीने जो अंमल गाजविला आणि त्यातून जो क्षोभ उसळला, तो इतिहास सर्वश्रुत आहे. मला येथे २२ जूनची ती एकच रात्र पाहावयाची आहे, आणि तीही शस्त्रांच्या अंगाने, कारण त्या अंगाने तिच्याकडे कोणी फारसे पाहिलेले नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास ६० वर्षे झाल्याचा उत्सव गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या बंगल्यात होता. टेकड्यांवर आगट्या पेटल्या होत्या, रस्त्यावर लोकांची दाटी होती. दामोदर आणि बाळकृष्ण दोघेही प्रत्येकी एक तलवार आणि एक पिस्तूल घेऊन निघाले होते. बाळकृष्णापाशी वर एक कुऱ्हाडही होती. म्हणजे घरून निघताना त्यांनी तेच केले जे आज डोंगरावर निघणारा नवशिका करतो: काय लागेल कोणास ठाऊक, म्हणून सगळेच बरोबर घेतले. परंतु तेथे पोहोचल्यावर त्यांना उमगले की गर्दीत तलवारी आणि कुऱ्हाड घेऊन वावरणे म्हणजे संशयाला आमंत्रण. तेव्हा त्यांनी ती लांब हत्यारे रस्त्यालगतच्या एका दगडी मोरीखाली ठेवून दिली आणि केवळ पिस्तुलांवर भरवसा ठेवून वाट पाहिली. संध्याकाळी जाताना रँडची गाडी त्यांना दिसली होती, पण ओळख पक्की पटेना म्हणून त्यांनी ती जाऊ दिली. मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या परतू लागल्या. ठरलेली खुणेची आरोळी ऐकताच दामोदर गाडीमागे धावला, मागचा पडदा वर केला, आणि हातभर अंतरावरून बार काढला. पाठोपाठच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्णाच्या गोळीने जागीच ठार झाला; रँड ३ जुलैला मेला. त्या दुर्दैवी लेफ्टनंटाचे संपूर्ण नाव चार्ल्स एगर्टन आयर्स्ट. वडगावच्या कर्नलशी त्याचे काही नाते होते असे मी मुळीच सुचवीत नाही; ११८ वर्षांच्या अंतराने एकाच वाटेवर तेच नाव पुन्हा भेटते, एवढेच.

आखूड नळी त्या रात्री सफल का झाली, याचे कारण तिच्या आखूडपणात अर्धेच आहे. अर्धे कारण असे की चापेकरांना आपण कोणाला भेटणार, कोठे भेटणार, तो कोणत्या बाजूने येणार आणि अंतर किती असणार, हे आधीपासून ठाऊक होते. प्रसंग त्यांनी स्वतः निवडला होता, प्रसंगाने त्यांना नव्हे. संकट म्हणजे नेमके याच्या उलट. ज्याची वेळ, दिशा, रूप यांपैकी काहीही आपण ठरविलेले नसते त्यालाच आपण संकट म्हणतो, आणि अशा वेळी सव्वा किलोचे हत्यार दस्त्याच्या पोकळीतून बाहेर काढून, नळी फिरवून बसवून, काडतूस भरेपर्यंत बिबट्याने थांबावे अशी अपेक्षा करणे म्हणजे बिबट्याच्या सौजन्यावर फारच भार टाकणे होय. पुढचे वृत्त दुःखद आहे आणि थोडक्यात सांगण्याजोगे आहे. दामोदरपंत १८ एप्रिल १८९८ रोजी फासावर गेले. बाळकृष्णपंत निजामाच्या मुलखात भूमिगत झाले, पण अखेर सापडले. सरकारला खबर देणाऱ्या द्रविड बंधूंना ठार करणारे वासुदेवराव आणि महादेव रानडे, आणि शेवटी बाळकृष्णपंत, असे तिघे १८९९च्या मे महिन्यात, ८, १० आणि १२ या तारखांना, येरवड्यात फाशी गेले.

स्वातंत्र्यानंतर लिटनचा कायदा गेला आणि १९५९चा शस्त्रकायदा आला. परंतु परवान्याची अट राहिली, फक्त वर्णभेद गेला. दरम्यान या पट्ट्याचे रूप पालटले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पाठोपाठ मोटारींचे, यंत्रांचे, रसायनांचे कारखाने आले, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि पुढे चाकणच्या ज्या माळावर खानाच्या बैलांनी चारा खाल्ला असेल त्या माळावर फोक्सवॅगन, मर्सिडीज, बजाज यांच्या छपरांचे पांढरे पठार पसरले. एक विसंगती तेवढी नमूद करण्याजोगी आहे. या पट्ट्याच्या दारातच, खडकीस, १८६९पासून सरकारी दारूगोळ्याचा कारखाना आहे, देहूरोडला आयुध निर्माणी आहे. काडतुसे येथे घडतात, आणि तरी पिंपरीतल्या एखाद्या टूलरूममधील कारागिराने, ज्याच्या लेथवर रायफलीची नळी सहज उतरेल, एक छोटी रायफल जवळ बाळगावी म्हटले तर त्याला पोलीस आयुक्तालयाची पायरी चढावी लागते. ते पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झाले १५ ऑगस्ट २०१८ला, आणि चाकणचे ठाणे त्याच्याच हद्दीत आहे. पंचांगांचा घोळ सोडून दिला तर चाकण पडल्याची तीच तारीख. परवाना मागण्यास तेथे कारण द्यावे लागते, आणि ‘रविवारी डोंगर चढतो’ हे कारण आजवर कोणाच्या फायलीत यशस्वी झाले असेल असे मला वाटत नाही. पीकसंरक्षणासाठी शेतकऱ्याला, नेमबाजीसाठी खेळाडूला, जिवाला धोका असणाऱ्याला, अशा ठरावीक वाटा आहेत. हवेवर चालणारी बंदूकदेखील २०१६च्या नियमांनी मोकळी राहिली नाही. तिची शक्ती २० ज्यूलच्या वर गेली की तिलाही परवाना लागतो.

बरे, परवाना मिळाला असे मानू. चाकणहून शनिवारी संध्याकाळी निघालेला माणूस राजगुरुनगर, वाडा मागे टाकून भीमाशंकरच्या रानात शिरला की तो १९८५ साली घोषित झालेल्या अभयारण्यात येतो, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३१व्या कलमाने मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीवाचून तेथे शस्त्र घेऊन प्रवेश निषिद्ध आहे. त्याच कायद्याने शिकारही बंद. वैमानिकांच्या रायफलीची ती ०.२२ इंची गोळी ज्यांच्यावर चालावी ते प्राणी म्हणजे ससा, रानकोंबडा, आणि भीमाशंकरचे भूषण असलेले शेकरू. त्यांना मारण्यास कायद्याची मुभा नाही. आणि ज्याचे भय धरून माणूस ती विकत घेऊ पाहतो त्या बिबट्यावर ती चालत नाही. चाललीच तर जखमी बिबट्या हा सुखरूप बिबट्यापेक्षा शतपट वाईट सोबती, हे जुन्या शिकाऱ्यांनी जीव देऊन शिकवून ठेवले आहे. जुन्नर-शिरूरच्या उसात बिबट्या माणसांपाशी येऊन राहिला आहे, त्याने माणसे मारली आहेत, हे खरे. परंतु ती गाठ शेताच्या बांधावर, घराच्या ओसरीवर, काळोखात एकट्या मुलाशी पडते. गडाच्या वाटेवर बोलत चाललेल्या आठ-दहा जणांशी नव्हे. नरभक्षक ठरलेल्या जनावराचा निकाल लावण्याचा अधिकारही वनखात्याचा. आणि पकडलेले बिबटे ज्या माणिकडोहच्या केंद्रात ठेवतात तेथे नेण्यासाठी जी बंदूक वापरतात तिच्यातून गुंगीच्या औषधाची सुई सुटते.

अन्नाचा प्रश्न तर सह्याद्रीत जवळजवळ उद्भवतच नाही. अलास्कात पडलेल्या वैमानिकाला दहा दिवस माणूस दिसणार नव्हता. आपल्याकडे कोणत्याही धारेवरून खाली उतरत राहिले तर अर्ध्या दिवसात एखादी ठाकरवाडी, एखादा धनगरवाडा, महादेव कोळ्यांची चार घरे लागतातच, आणि तेथील बाई अनोळखी माणसाला आधी पाणी देते, मग कोठून आलात ते विचारते, आणि त्याचे उत्तर पुरे होण्याआधी चुलीवर तवा ठेवते. माणूस मरतो तो उपासाने नव्हे. एप्रिलच्या उन्हात पाणी संपून, जुलैत शेवाळलेल्या कातळावरून घसरून, धबधब्याच्या डोहात, ओढ्याला अचानक आलेल्या लोंढ्यात, आग्यामोहोळ उठून, फुरसे चावून, किंवा धुक्यात कड्याची कड न कळून तो मरतो. आणि यांपैकी एकही शत्रू असा नाही की ज्याच्यावर नेम धरता येईल. बार उडवून आपला ठावठिकाणा कळवावा म्हटले, तर त्या कामी एक शिट्टी पुरते. तिची दारू ओली होत नाही.

म्हणून डोंगरात अडकलेल्यांना सोडविण्यास जे लोक जातात त्यांचे सामान पाहावे. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, किंवा महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरशी जोडलेली ठिकठिकाणची पथके, ही बहुतेक पोटापाण्याचे दुसरे उद्योग करणारी, रात्री फोन आला की निघणारी माणसे. दोर, जखमीला बांधून आणावयाची झोळी, विजेऱ्या, प्रथमोपचाराची पेटी, पाणी आणि त्या भागातला एखादा वाटाड्या: फिरंगोजीच्या माणसांनी वादळी रात्री ज्याच्यावर भिस्त ठेवली ते, म्हणजे वाटेचे ज्ञान, या यादीत अजून आहे.

मागच्या पावसाळ्यात भीमाशंकरच्या वाटेवरील नाक्यावर आमची गाडी थांबविण्यात आली. झड लागली होती; समोरचा डोंगर दिसत नव्हता, आणि दुपारचे चार असून चौकीत दिवा जळत होता. वनरक्षकाने पिशव्या उघडावयास लावल्या, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून वहीत टिपल्या, मग आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलाकडे, जो चिंचवडच्या एका कारखान्यात रात्रपाळी करून तसाच आला होता, पाहून त्याने विचारले, “दारू आहे का?”

मुलगा नाही म्हणाला. रक्षकाने पिशवीत हात घालून खात्री केली. आत दोर होता, गुळाची ढेप होती, आणि प्लास्टिकच्या तीन पदरांत गुंडाळलेली काड्यापेटी. ती त्याने उघडून पाहिली, काडी बोटाने चाचपली, आणि “सादळली आहे,” असे म्हणून चौकीतल्या चुलीशेजारची दुसरी काढून दिली.